गॅरेजला रामराम ठोकण्याआधी

आमच्या देवळाच्या ग्रुपवर चवथीच्या आधीपासून एक मेसेज फिरतोय. आधी भाच्याने पाठवला, मग शेजारच्या काकांनी. गेल्या आठवड्यात तर एका गिऱ्हाइकाने दुकानात येऊन मोबाईलच माझ्या नाकासमोर धरला, "भाई, हे खरं असेल तर तुमचं दुकान चालायचं कसं?" मी गोव्यात डिचोलीत गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. म्हणजे माझा यात स्वार्थ आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

मेसेज थोडक्यात असा. पाचशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल घ्या, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा, मोबाईल खराब पार्टचं नाव सांगेल. चेक इंजिनचा दिवा ही कंपन्यांची कमाईची युक्ती आहे. बिघाडाचा कोड पुसा किंवा बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, दिवा गेला. टॉप मॉडेलची सगळी फीचर्स तुमच्या बेस मॉडेलमध्ये असतातच, फक्त कुलूपबंद, कोडिंगने, म्हणजे गाडीच्या संगणकातली सेटिंग बदलून, उघडतात. कॅमेरा, स्क्रीन, एलईडी दिवे सगळं प्लग अँड प्ले, वॉरंटीला धक्का नाही. आणि शेवटी, ईसीएम (इंजिनचा संगणक) गेला असं कोणी म्हणालं तर तो तुम्हाला लुटतोय.

यातलं शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे. त्याच्याकडे येतो, पण आधी वरचं.

"मोबाईल खराब पार्टचं नाव सांगेल." सॉकेट आहे, १६ पिनांचं आहे, आणि भारतातल्या मोटारींना २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीने स्वतःचा बिघाड नोंदवायची व्यवस्था) सक्तीचं झालं तेव्हापासून ते सगळीकडे सापडतं. त्यातून कोडही येतो. पण कोडमध्ये पार्टचं नाव नसतं. ‘पी ०१७१’ हा नेहमी भेटणारा कोड घ्या. त्याचा अर्थ इतकाच, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ईसीएमला हे कळतं ते ऑक्सिजन सेन्सरकडून. म्हणून हा कोड आला की लोक पहिला ऑक्सिजन सेन्सर बदलतात. घरात धूर झाला म्हणून ज्याने बोंब मारली, त्यालाच घराबाहेर काढल्यासारखं.

साखळी गावची एक गाडी अशीच नवा सेन्सर घालून माझ्याकडे आली, दिवा तसाच. मी कोड बाजूला ठेवून फ्यूएल ट्रिमचे, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्याचे, आकडे बघितले. गाडी आयडलिंगला असताना ईसीएम हिशेबापेक्षा २२ टक्के जास्त पेट्रोल मारत होता. रेस देऊन २५०० आरपीएमवर नेली की तोच आकडा ५ वर उतरायचा. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर ज्या गाडीत असतो, तिथे ही खूण ओळखीची आहे: त्या सेन्सरला चुकवून कुठूनतरी हवा आत शिरतेय. आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं, त्यामुळे ही चोरटी हवा मोठी दिसते. रेस दिली की ती दर्यात खसखस. पेट्रोलचा पंप अशक्त असता तर उलट झालं असतं, रेस दिल्यावर आकडा चढला असता. शोधल्यावर इनटेक मॅनिफोल्डच्या मागे उंदराने कुरतडलेला बोटभर रबरी पाइप सापडला. (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरवर चालणाऱ्या गाड्यांत हे चित्र इतकं स्वच्छ दिसत नाही, तेव्हा माझे आकडे पाठ करून बसू नका.)

‘पी ०४२०’चंही तेच. तो म्हणतो, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. त्यावर कन्व्हर्टरच बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि तो महाग असतो. सायलेन्सरच्या पाइपाला सेन्सरच्या आधी फट असली तरी हा कोड येऊ शकतो, हे सांगणारे कमी. कोड हा पंचनामा आहे, निकाल नव्हे. निकाल मल्टिमीटर हातात घेऊन गाडीखाली आडवं पडल्यावर लागतो.

शिवाय या स्वस्त डोंगलला सहसा इंजिनपुरतंच दिसतं. एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग, बॉडी कंट्रोल (दिवे, काचा, लॉक सांभाळणारा) यांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी, ती साध्या अ‍ॅपला कळत नाही. पेडण्याच्या एका तारवट्याची गाडी सहा महिने घरी उभी होती. तो बोटीवरून परत आला, चावी फिरवली, तर डॅशबोर्डवर दिवाळी. भावाने डोंगल लावला. डोंगल म्हणाला, एकही कोड नाही. एका गॅरेजवाल्याने मोठा स्कॅनर लावला; त्यात अकरा कोड, त्यातले बरेचसे ‘यू’ने सुरू होणारे, म्हणजे गाडीतल्या एका मॉड्यूलला, छोट्या संगणकाला, दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही अशी तक्रार. एबीएस आणि स्टिअरिंग दोन्ही मॉड्यूल बदलायचा सल्ला मिळाला. डोंगलला काहीच दिसलं नाही, स्कॅनरला नको तेवढं दिसलं.

आता ही मॉड्यूलं एकमेकांशी बोलतात ती कॅन नावाच्या दोन वळलेल्या तारांवरून. बॉश कंपनीने ही व्यवस्था १९८६ साली मांडली, आज घरगुती गाडीतही तीच चालते. तिच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरीची वायर काढून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मीटर धरला, की बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. माझ्याकडे आलेल्या त्या गाडीत ६० आला, म्हणजे तारा ठीक. मग स्टार्टर मारताना बॅटरी बघितली तर ८ व्होल्टवर कोसळत होती. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मीटर लावला. स्टार्टर फिरताना तिथे पाव-अर्धा व्होल्टसुद्धा वाया जाता कामा नये, इथे एक व्होल्टच्या वर जात होता. बॅटरीच्या ट्रेखालचा अर्थिंगच्या तारेचा लग (टोकाची कडी) हिरवा पडला होता. खारं वारं, चार महिन्यांचा पाऊस, वर आंब्याचं झाड. विंडशील्डखालची पाण्याची वाट पानांनी तुंबली होती आणि पाणी सगळं तिथेच मुरत होतं. पॉलिश पेपर, नवा लग, थोडं ग्रीस आणि नवी बॅटरी. अकराच्या अकरा कोड पुसले, परत आले नाहीत.

गोव्यात माझ्याकडे येणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक’ तक्रारींत खरोखर इलेक्ट्रॉनिक असं फार थोडं निघतं. पाणी, गंज, उंदीर आणि म्हातारी बॅटरी, बस्स.

आणि त्या डोंगलबद्दल एक गोष्ट मेसेज सांगत नाही. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेला गाडी बंद असतानाही करंट असतो. लावून ठेवलेला डोंगल चाळीस-पन्नास मिलिअँपिअर सहज पितो. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. लहान गाडीतली ३५ अँपिअर-तासाची बॅटरी त्याने पंधरा दिवसांत अर्धी रिकामी होते, आणि गाडीची स्वतःची झोपेतली भूक वेगळीच. दोन माणसं ‘बॅटरी का उतरते’ म्हणून माझ्याकडे आली होती. दोघांच्याही गाडीत तो निळा दिवा लुकलुकत होता.

"कोड पुसा, दिवा गेला." दिवा जातो. सोबत पुरावाही जातो. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती वेगात होतं, किती लोड होता, याची नोंद ईसीएमने करून ठेवलेली असते. तुम्ही पुसलंत की तीही गेली आणि माझं काम दोन तासांनी वाढलं. बॅटरी काढल्यावर आयडलिंगचं शिकलेलं गणित जातं, काचा एका टिचकीत वर जायच्या थांबतात, काही रेडिओ कोड मागतात. हे सगळं परवडलं. पण चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता उघडझाप करत असेल, तर तिथे युक्ती-बिक्ती काही नाही. सिलिंडर मिसफायर होतोय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. गाडी बाजूला घ्या. कंपन्या पैसे काढत नाहीत असं मी म्हणत नाही, पण ते या दिव्यातून नाही काढत.

"सगळी फीचर्स असतातच, फक्त कुलूपबंद." हा दावा मला आवडतो, कारण अर्धा खरा आहे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या कित्येक गाड्यांत कोडिंग करून मीटरची सुई नाचवता येते, रिमोटने काचा उतरवता येतात, उतरल्यावर थोडा वेळ हेडलाइट चालू ठेवता येतो. मी स्वतः करून दिलंय. टायरमधली हवा सांगणारा दिवा दोन जातींचा असतो: एक एबीएसच्या सेन्सरवरून चाकाचे फेरे मोजून अंदाज बांधतो, दुसऱ्यात प्रत्येक चाकात खरोखरचा सेन्सर असतो. पहिला काही गाड्यांत नुसत्या कोडिंगने जागा होतो. दुसऱ्याला कितीही कोड मारा, चाकात सेन्सरच नाही तर काय जागं होणार?

क्रूझ कंट्रोलचं विचारायला सगळेच येतात. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर अर्धी लढाई जिंकली. पण स्टिअरिंगवर बटणं हवीत, बटणांपासून खाली येणारी गोल पट्टी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, पुरेशा तारांची हवी, ब्रेकचा आणि क्लचचा स्विच हवा, आणि त्या सगळ्याची वायर डॅशबोर्डामागे ओढलेली हवी. बेस मॉडेलच्या हार्नेसमध्ये (तारांच्या जुडग्यात) कंपनी बहुधा ती तार घालतच नाही. तांबं फुकट येत नाही. शिवाय क्लॉक स्प्रिंग बदलायची तर आधी एअरबॅग काढावी लागते, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मीटर लावून ओहम मोजणाऱ्या माणसापासून मी चार हात लांब उभा राहतो.

नव्या गाड्यांत तर काही मॉड्यूल कंपनीच्या सर्व्हरची परवानगी घेतल्याशिवाय लिहूच देत नाहीत. जिथे लिहू देतात तिथेही दोन गोष्टी पाळा: जुनं कोडिंग आधी जपून ठेवा, आणि लिहिताना बॅटरीला चार्जर जोडा. मध्येच व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल अर्धवट लिहिलेलं राहतं, आणि मग टोइंगवाला शोधावा लागतो.

"सगळं प्लग अँड प्ले." कपलर-टू-कपलर वायरिंग मिळतं, चांगलं असतं, तेच घ्या. पण रिव्हर्स कॅमेरा घ्यायचा तर कुठेतरी मागच्या दिव्याच्या तारेला हात लावावाच लागतो. बऱ्याच गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्यूल त्या दिव्याला तुटक-तुटक करंट देतं. बल्बला फरक पडत नाही, कॅमेरा मात्र लुकलुकतो, म्हणून मधे रिले किंवा फिल्टर लागतो. तारेला चिमटा मारून घेतलेला जोड कोरड्या प्रदेशात टिकत असेल. कळंगुट-हणजूणच्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत हिरवा होतो. सोल्डर करा, वर हीट श्रिंक चढवा. एकाने पूर्वी भाड्याने फिरणारी गाडी सेकंडहँड घेतली होती, काळ्या नंबरप्लेटवरून पांढऱ्यावर आलेली. जुन्या मालकाने जीपीएस ट्रॅकर उपटून नेला आणि तारा तशाच लोंबत ठेवल्या. एक तार बॉडीला घासायची आणि फ्यूज उडायचा, तोही नेमका चोर्ला घाटात.

एलईडीचं म्हणाल तर इंडिकेटरला एलईडी लावला की तो करंट कमी खातो, गाडीला वाटतं बल्ब गेला, आणि इंडिकेटर घाईत टिकटिकायला लागतो. हे नुसतं हास्यास्पद. हेडलाइटचं तसं नाही. हॅलोजनचा रिफ्लेक्टर बल्बातल्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. त्यात एलईडी किंवा एचआयडी घातला की उजेड कुठेही फाकतो, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरच्या स्कूटरवाल्याला काही दिसत नाही. शंभर वॅटचा बल्बही नको: हेडलाइटचा साधा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, वायरिंग त्याच हिशेबाचं.

डॅशकॅम लावणाऱ्यांनो, काचेशेजारच्या खांबातून वायर नेताना तिथे पडदा एअरबॅग आहे का बघा. असेल तर वायर तिच्या मागून न्या. पुढून नेली तर एअरबॅग उघडताना वायर आडवी येईल.

वॉरंटी? मूळ तार कापली की त्या सर्किटच्या बिघाडाला सर्व्हिस सेंटर हात वर करतं, हे मी अनेकदा पाहिलंय. कायद्यात मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, ते गाडीच्या मूळ तपशिलात फेरफार करायला आडवं येतं. कॅमेऱ्यासाठी कोणी पकडत नाही, पण वॉरंटी बुकातली अट आधी स्वतः वाचा.

राहिलं "ईसीएम गेला म्हणणारा लुटतोय." दहांतल्या आठ वेळा मी मान डोलावेन. ईसीएम गेला म्हणण्याआधी त्याला येणारा करंट आणि अर्थिंग, दोन्ही लोड देऊन, म्हणजे बल्ब लावून तपासले का, एवढं विचारा. समोरचा गडबडला तर गाडी दुसरीकडे न्या. भंगारातला ईसीएम आणून घालायचा सल्ला मिळाला तर इमोबिलायझर (चावी ओळखणारं चोरीविरोधी कुलूप) जुळवून कोण देणार, तेही विचारा. नाहीतर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडेल किंवा सुरूच होणार नाही.

उरलेल्या दोन वेळा ईसीएम खरंच जातो, आणि मी पाहिलेले बहुतेक पाण्याने गेलेत. गाडीत पाणी शिरलं असेल तर चावी फिरवून ‘चालते का बघू’ म्हणू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि फोन करा. पाणी खाडीचं असेल तर त्याच दिवशी करा.