टचलाईन बॅन आणि माडाखाली उभे असलेले सर

गेल्या आठवड्यापासून आमच्या वेंगुर्ल्याच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय. गावाकडच्या एका फुटबॉल टूर्नामेंटमध्ये एका कोचने रेफ्रीला, म्हणजे जेमतेम 19 वर्षांच्या पोराला, मैदानात घुसून नको नको त्या शिव्या दिल्या आणि आयोजकांनी त्या कोचना दोन मॅच मैदानाच्या कडेच्या लाईनवर उभं राहायला बंदी, म्हणजे टचलाईन बॅन, घातली. अर्धे म्हणतायत फार झालं, सर पोरांच्या बुटांसाठी पदरचे पैसे घालतात, आणि अर्धे म्हणतायत ही काय शिक्षा झाली का. माझा भाचा त्याच टीममध्ये आहे, त्याने फोनवर सांगितलं, "मामा, बॅन खयचो! सर थयच माडाखाली उभे ऱ्हवान बोंबलत होते, आमका सगळा ऐकाक येय होता."

मी मँचेस्टरजवळ राहतो, 12 वर्षं झाली. इथे टचलाईन बॅन म्हणजे दर सीझनची बातमी, त्यामुळे मला वाटलं आपण दोन गोष्टी सांगाव्यात.

2011 ची गोष्ट इथले जुने लोक अजून सांगतात. चेल्सीकडून हरल्यावर मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसन रेफ्री मार्टिन ॲटकिन्सनबद्दल नको ते बोलला, 5 मॅचचा बॅन आणि 30 हजार पाउंड दंड. त्यातली एक मॅच वेस्ट हॅमशी, हाफटाईमला युनायटेड 2-0 ने मागे, फर्ग्युसन वर स्टँडमध्ये, आणि टीम 4-2 ने जिंकली. त्या वर्षी लीगही त्यांचीच. इटलीत तर याहून मोठं झालं. 2012 मध्ये युव्हेंटसचा कोच अँटोनियो कोंतेला 4 महिने बेंचवर बसता आलं नाही, जुन्या क्लबच्या मॅच-फिक्सिंगची माहिती दिली नाही म्हणून. तो आठवडाभर प्रॅक्टिस घ्यायचा आणि मॅच वरून काचेमागून बघायचा, खाली असिस्टंट उभे. युव्हेंटसने तरी लीग जिंकली. कोचचं खरं काम सोमवार ते शुक्रवार होतं, ते तुम्ही काढून घेतच नाही, मग टीमला काय फरक पडणार?

युएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, जास्त कडक आहे, तिथे बॅन असलेल्या कोचला ड्रेसिंग रूममध्ये जाता येत नाही आणि टीमशी संपर्कही करता येत नाही. तरी 2005 मध्ये बायर्नच्या मॅचला चेल्सीचा कोच मोरिन्यो आधीच ड्रेसिंग रूममध्ये जाऊन बसला आणि कपडे धुवायला न्यायच्या टोपलीत लपून बाहेर पडला, हे त्यानेच नंतर सांगितलं.

पण मला सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं ते 2023 च्या सॅफ चॅम्पियनशिपचं, म्हणजे दक्षिण आशियाच्या स्पर्धेचं, बंगळुरूचं. पाकिस्तानविरुद्ध भारताचा तेव्हाचा हेड कोच स्टिमॅचने थ्रो-इन घ्यायला आलेल्या खेळाडूच्या हातातला बॉल उडवला, रेड कार्ड. मग ग्रुपमधल्या कुवेतविरुद्धच्या मॅचला परत रेड, या वेळी 2 मॅच बॅन आणि 500 डॉलर दंड. म्हणजे सेमीफायनल आणि फायनल दोन्हीला हेड कोच बाहेर. लाईनवर कोण, तर त्याचा असिस्टंट, आपल्या शेजारच्या गोव्याचा महेश गवळी. लेबनॉनला पेनल्टीवर हरवलं, फायनलला कुवेतलाही पेनल्टीवर 5-4, आणि ट्रॉफी भारताची. गवळीचा मला मनापासून अभिमान वाटला, घरात ओरडलो मी. पण त्याच रात्री हेही वाटलं की ज्याने दोनदा रेड खाल्लं त्याला या बॅनने काय जाणवलं असेल, कारण कप तर त्याच्याच नावावर लागला.

म्हणून माझं मत सरळ आहे, शिक्षा म्हणून टचलाईन बॅन कुचकामी आहे. त्याचा उपयोग एवढाच की रेफ्रीच्या आणि फोर्थ ऑफिशियलच्या, म्हणजे लाईनीबाहेर उभ्या चौथ्या पंचाच्या, कानापाशी तो माणूस दोन-चार शनिवार नसतो. परड्याला दगडांचा गडगा घालतो तसं. आणि गडग्याला खिंडार असेल तर तेवढाही उपयोग नाही. न्यूकॅसलचा मॅनेजर ॲलन पार्ड्यूने 2014 मध्ये समोरच्या टीमच्या खेळाडूला डोकं मारलं तेव्हा 7 मॅचपैकी पहिल्या 3 ला त्याला स्टेडियममध्येच येऊ दिलं नव्हतं, ते मला पटतं.

इथे रविवारी माझी मुलगी खेळते त्या छोट्या मैदानावरही आम्ही पालक दोरीच्या मागे उभे राहतो, आत पाय टाकायचा नाही. तरी इथेही रेफ्रींना इतका त्रास झाला की 2023 मध्ये मिडल्सबरोपासून लोकल रेफ्रींच्या छातीवर कॅमेरे लावून बघायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी असा नियम आला की एखादी टीम वारंवार गंभीर गैरवर्तन करत असेल तर तिचे 3 ते 12 पॉईंट कापायचे. हे लागतं. कारण पॉईंट गेले की पोरंच सरांना सांगतात गप्प बसा, क्लबवाले सांगतात, पैसे देणारे सांगतात.

ग्रुपवर मी हेच लिहिलं. बॅन ठेवा, पण मैदानाच्या बाहेर म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, माड मैदानातच धरा, आणि परत झालं तर पॉईंट कापा. लगेच एक काका म्हणाले, तू तिकडे बसून इंग्लंडचे नियम शिकवू नको, इथे रेफ्री पण आपलाच आणि कोच पण आपलाच, संध्याकाळी एकत्र चहा पितात. काका, आपल्याकडे सगळे आपलेच असतात हे मला माहीत आहे, मी तिथेच वाढलोय, आणि म्हणूनच त्या रेफ्री पोराला कोणाविरुद्ध लेखी तक्रार करता येणार नाही हेही मला माहीत आहे.

भाचा म्हणतो त्या मॅचनंतर तो रेफ्री पोरगा शिटी घ्यायला आलेलाच नाही. पुढच्या रविवारसाठी सावंतवाडीहून कोणी मिळतंय का बघतायत. त्याच्या घरी कोणी जाऊन आलं का, हे मी ग्रुपवर तीनदा विचारलंय, अजून कोणी काही लिहिलेलं नाही.