'वर्दीतला पीडब्ल्यूडी' म्हणणाऱ्या वाचकास

'एक स्पष्टवक्ता' या नावाने आलेल्या प्रतिक्रियेला हे उत्तर. मागच्या आठवड्यात मी माझ्या शाळेतल्या वर्गमित्रावर लिहिलं होतं. खानापूर तालुक्यातला पोरगा, बेळगावात इंजिनीअर झाला, बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनीअर दलात, अधिकारी झाला, लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाला आणि मागच्या पावसाळ्यात आजारपणात गेला. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख नको तितका लांब आहे, मराठी माध्यमाचा विषय उगाच मध्ये घुसडलाय, गावातला कुणीही मिल्ट्रीत गेला की 'तुम्ही लोक' त्याला डोक्यावर घेता. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: "इंजिनीअर होता ना, मग लढला कुठे? पूल-रस्ते बांधणारा म्हणजे वर्दीतला पीडब्ल्यूडीच."

लेख लांबला, मान्य. ट्यूशनच्या मास्तरांवरचा परिच्छेद नसता तरी चाललं असतं.

मतभेदाचं मला वावडं नाही. इथे लोकांनी माझ्याशी कडाडून वाद घातलेत आणि नंतर घरी येऊन चहाही घेतलाय. पण माणसाला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. त्याच्या आईला डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून नातीने तो लेख त्यांना मोबाईलवर वाचून दाखवला. त्याच लेखाच्या खाली तुम्ही येऊन लिहिता, "लढला कुठे?" मयताच्या घरी पाणी घ्यायलासुद्धा न थांबता असं कुणी बोललं असतं, तर आमच्या गल्लीत त्याला परत कुणी दारात उभं केलं नसतं. नाव लपवून लिहिलं म्हणून रीत सुटते का? आणि 'तुम्ही लोक' म्हणजे नेमके कोण, तेही एकदा सांगून टाका.

आता त्या वाक्याबद्दल.

कारवार आपल्यापासून काही फार लांब नाही. राम राघोबा राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे तुमच्या भाषेत पूल-रस्तेवालेच. एप्रिल 1948 मध्ये काश्मीरच्या लढाईत नौशेऱ्याहून राजौरीकडे रणगाडे निघाले तेव्हा रस्त्यात सुरुंग पेरलेले होते आणि झाडं तोडून आडवी टाकलेली होती. 8 तारखेला काम सुरू करतानाच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्यांत राणे स्वतः होते. तरी 11 तारखेपर्यंत हा माणूस रणगाड्यांच्या पुढे राहून वाट मोकळी करत होता. रणगाड्याला पोलादाची जाड कातडी असते, त्याच्यापुढे जमिनीवर बसून सुरुंग काढणाऱ्याच्या अंगावर सुती शर्ट. राण्यांना परमवीर चक्र मिळालं. लढले कुठे, हे त्यांनाही विचारणार होतात का?

त्याआधी 1941 मध्ये अ‍ॅबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेत प्रेमिंद्र सिंग भगत यांना व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांच्या वेळचा शौर्याचा सर्वोच्च मान, मिळाला, तोही सुरुंग काढल्याबद्दल. तेही बॉम्बे सॅपर्सचेच अधिकारी.

माझे आजोबा पाचव्या मराठा पलटणीत होते, इटलीत. त्यामुळे हे मी वाचून बोलत नाही, ऐकत वाढलोय. एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीच्या बांधावर आमच्या मराठ्यांचं काय झालं, हे ते सांगायला लागले की आजी उठून आत जायची. बांधच्या बांध सुरुंगांनी भरलेला. नामदेव जाधवांनी त्याच सुरुंगांच्या पट्ट्यातून जखमी सोबत्यांना पाठीवर आणलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आजोबांचा एक पाय शेवटपर्यंत वाकडा पडायचा, तोही सुरुंगामुळेच. पायदळातला हा माणूस, पण सॅपर म्हटलं की हात जोडायचा. माझ्या मित्राला कमिशन मिळाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कशात गेला?" मी "इंजिनीअर्समध्ये" म्हटल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याच्या आईला सांगू नको त्यात काय असतंय ते."

आणि माझ्या मित्राचं म्हणाल, तर डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झालं. पंजाबपासून राजस्थानपर्यंत सरहद्दीलगत सुरुंग पेरले गेले. 2002 च्या ऑक्टोबरात सैन्य मागे घ्यायचं ठरलं. पलटणी परतल्या, सॅपर मागे राहिले, कारण पेरलेलं सगळं परत काढायचं होतं. मित्र तेव्हा मेजर होता, राजस्थानच्या बाजूला. पेरताना प्रत्येक ओळीची नोंद ठेवलेली असते, पण तिथली वाळू एका जागी राहत नाही. नोंदीत खूण आहे तिथे सुरुंग सापडत नाही आणि खूण नाही तिथे असतो. कुठे वर उघडा पडलेला, कुठे हातभर खाली गेलेला. या कामात माणसं गेली, हातपाय गेले. त्याच्याही कंपनीतल्या एका पोराचा पाय गेला. गोळीबार नव्हता, समोर शत्रू नव्हता, म्हणून तुमच्या लेखी ती लढाई नव्हे.

तो सुट्टीवर आला तेव्हा शेजारच्या पोरांनी हट्ट धरला की सुरुंग कसा शोधतात ते दाखव. तुळशीसमोरच्या अंगणात तो पालथा पडला. घड्याळ काढलं, बाह्या वर केल्या आणि पहिल्यांदा नुसती बोटं मातीवरून फिरवली, वर तार वगैरे आहे का बघायला. मग आईची स्वेटर विणायची सुई घेतली. सुई सरळ खुपसायची नाही, तिरकी सरकवायची. सरळ गेली तर सुरुंगाच्या माथ्यावर टेकणार, तिरकी गेली तर कडेला लागते. बोटभर जागा सोडून पुन्हा, पुन्हा बोटभर. पोरांनी आधीच एका डबीचं झाकण पुरून ठेवलं होतं. ते सुईला लागलं तसा तो थांबला आणि कडेची माती बोटांनी बाजूला करायला लागला. एका पाटाएवढी जागा बघून होईपर्यंत कट्ट्यावर ठेवलेला त्याचा चहा निवला. मी म्हटलं, एवढं सावकाश? तर म्हणाला, "हातानंच बघायचं की रे. डोळ्यानं काय दिसतंय त्यात?"

तिकडे हे दिवसभर चालायचं, उन्हात, आणि प्रत्येक जागी झाकण नसायचं.

बरं, पूल-रस्ते तरी इतके हलके कसे? बेली पुलाचं, म्हणजे तयार लोखंडी भाग जोडून उभ्या करायच्या पुलाचं, एक पॅनेल दहा फूट लांब, अडीचशे किलोंच्या वर वजन, सहा जणांनी मिळून उचलायचं. 2024 मध्ये वायनाडला दरडी कोसळल्यावर बेंगळुरूच्या मद्रास सॅपर्सनी 190 फुटांचा असा पूल दीड दिवसाच्या आत उभा केला, मेजर सीता शेळके यांच्या नेतृत्वाखाली. त्यावरून मदत पलीकडे गेली. अशा वेळी पहिल्यांदा कुणाची आठवण होते, हे 2019 च्या पुरात चिकोडी-गोकाककडच्या लोकांनी पाहिलंय. तेव्हा 'वर्दीतला पीडब्ल्यूडी' कुणी म्हटलं नाही.

मी स्वतः एसएसबीला, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या निवड चाचणीला, जाऊन परत आलेला माणूस आहे. त्याच्याबरोबर पहाटे कॅम्पातल्या रस्त्यावर धावलोय. एकाच बाकावरून दोघे उठलो, तो पोचला, मी नाही. तो काय होता हे मला कुणी शिकवायची गरज नाही, आणि ज्यांना स्वतःचं नाव लिहायचा धीर होत नाही त्यांनी तर मुळीच नाही.

मराठी माध्यमाचं म्हणाल, तर तो एसएसएलसीपर्यंत (दहावीपर्यंत) मराठीत शिकला आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजीत पडला. घडलं ते लिहिलं. त्यात तुम्हाला राजकारण दिसत असेल तर माझा इलाज नाही. डोक्यावर घेण्याचं म्हणाल, तर घेतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राच्या गावात वाढलोय, यापुढेही घेईन.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. मित्राच्या बायकोने काढू नका म्हणून सांगितलंय, तेवढ्यासाठीच ती आहे तिथे राहील. पुन्हा लिहिणार असाल तर खरं नाव घालून लिहा, आणि लिहायचंच तर त्या वाळूतल्या सुरुंगांबद्दल लिहा. माझा लेख किती लांब होता ते कळलं.