सात सात सात

रात्री दोन वाजता माझ्या फायली आपल्या आपण दूरच्या संगणकावर जाऊन पडाव्यात, अशी व्यवस्था मी मोठ्या हौसेने लावली होती. आरसिंक हा प्रोग्रॅम बदललेलं तेवढंच पाठवतो, एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षित शिरण्याची सोय) किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी फाईल, पाहून आत घेतं. मी झोपायचं. एकदा सहज लॉग (नोंदींची फाईल) उघडला, तर अकरा रात्री एकच ओळ: 'परमिशन डिनाइड'.

हाताने चालवून पाहिलं. पासवर्ड विचारला, दिला, फायली गेल्या. म्हणजे दिवसा चालतं, रात्री नाही! किल्ली असताना पासवर्ड विचारतोच कशाला, हे मला सुचायला हवं होतं; पण बोटं सवयीने टाइप करून मोकळी झाली होती. रात्री दोनला क्रॉनच्या (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जागी टाइप करायला कोण बसणार?

मग उपचार सुरू झाले. नवी किल्ली काढली, पलीकडच्या मान्य किल्ल्यांच्या यादीत टाकली, जुनी तिथून पुसली. नवी फाईल कॉपी करताना तिची परवानगी ६४४, म्हणजे इतरांनाही वाचता येईल अशी, झाली होती. एसएसएचने ॲट-चिन्हांची भलीमोठी चौकट काढून मला झापलं, की खाजगी किल्ली अशी चव्हाट्यावर ठेवतात का? ६०० केलं, म्हणजे फक्त मलाच उघडता येईल असं. चौकट गेली, दार बंदच.

आज्ञेला तीन व्ही (-vvv) लावून एसएसएचची बडबड वाढवली. पानभर मजकूर आला. सार एवढंच: किल्ली पुढे केली, पलीकडून ती नाकारली. का, ते सांगणार नाही. नकाराचं कारण सर्व्हर स्वतःच्या लॉगमध्ये लिहून ठेवतो, दारातल्या माणसाला ऐकवत नाही. (सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे. त्या क्षणी मला योग्य वाटलं नाही.)

तिथल्या लॉगमध्ये शेवटी सापडलं: 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स', म्हणजे मालकी किंवा परवानग्या चुकीच्या. माझ्या होम फोल्डरमध्ये कुणालाही लिहिता येत होतं. जिथे कुणीही येऊन किल्ल्यांची यादी बदलू शकतो, तिथल्या यादीवर एसएसएच विश्वास ठेवत नाही. हा कुठल्या गाढवाचा उद्योग म्हणून हिस्टरी (टाइप केलेल्या आज्ञांची यादी) चाळली. 'सीएचमॉड ७७७', म्हणजे परवानगी बदलून सगळ्यांना सगळं खुलं. बारा दिवसांपूर्वी, एक प्रोग्रॅम कुरकुरत होता म्हणून, एकदाची कटकट मिटावी म्हणून. टाइप करणारा मीच.

७५५ केलं, म्हणजे लिहिण्याचा हक्क फक्त मला. रात्री दोनपर्यंत जागलो. फायली निमूट गेल्या.

सकाळी माझ्या दुसऱ्या संगणकाचा लॉग पाहिला: 'परमिशन डिनाइड'. तो ती पुसलेली जुनी किल्ली वापरायचा.