कॅरॅव्हॅन ओढताना ‘नकाशा बघून घेईल’ म्हणणाऱ्यांसाठी

कॅरॅव्हॅन, म्हणजे कारमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन फिरणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच फिरतोय: मोबाइलचा नकाशा लावा आणि शहरातून सरळ पार व्हा, बायपासचा वळसा म्हणजे इंधनाची नासाडी, रात्री निघालात तर काहीच अडत नाही, वळण चुकलं तरी नकाशा नवा रस्ता काढतोच. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही.

‘नकाशाला सगळं कळतं.’ त्याला फक्त तुमची कार कळते. मागचं धूड साधारण 2.6 मीटर उंच, 2.3 मीटर रुंद आणि कार धरून 12 मीटरच्या आसपास लांब असतं, हे त्याच्या गावीही नसतं. पॅरिसजवळच्या ए-86 मार्गावरच्या डुप्लेक्स बोगद्यात उंचीची मर्यादा 2 मीटर आहे. कारला तो उत्तम, तुम्हाला बंद. न्यूयॉर्कच्या बहुतेक पार्कवेंवर, म्हणजे फक्त कारसाठीच्या महामार्गांवर, ट्रेलरला मनाईच आहे. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांत तर उंची बसली तरी गॅसच्या सिलिंडरवर निर्बंध आहेत. जर्मनीत कामं चालू असतील तिथे डावी लेन बऱ्याचदा 2 किंवा 2.1 मीटर रुंदीपुरतीच खुली असते, आणि त्या मापात आरसेही धरतात.

तेव्हा आधी टेप काढा. कॅरॅव्हॅन कारला जोडून, सपाट जागेवर, छतावरच्या एसी किंवा अँटेनाच्या टोकापर्यंत उंची मोजा आणि वर 15 सेंटीमीटर धरा. रुंदी, कॅरॅव्हॅनच्या मागचं दिसावं म्हणून कारला लावलेल्या लांब आरशांसकट घ्या. माहितीपत्रकातली उंची नंतर बसवलेला एसी मोजत नाही. हे आकडे कॅरॅव्हॅनसाठीच्या नेव्हिगेशनमध्ये भरा आणि एक चिठ्ठी डॅशबोर्डवर चिकटवा. कमान समोर आल्यावर आठवत बसायला वेळ नसतो.

‘बायपासने इंधन वाया जातं.’ किलोमीटर वाढतात, हे खरं. पण दीड टनाचं वजन प्रत्येक सिग्नलला नव्याने हलवायला जे इंधन जातं, त्याचा हिशेब या सल्ल्यात नाही. चढावर थांबत-सरकत गेलात तर क्लच तापून वास येऊ लागतो. रिंगरोड मोकळा असेल तर थोडा वळसा बहुधा परवडतोच.

‘रात्री काही अडत नाही.’ पूल रात्री उंच होत नाहीत. शिवाय बोगद्यांची दुरुस्ती बहुधा रात्रीच निघते आणि पर्यायी मार्ग थेट गल्ल्यांमधून जातो. सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी निघणं जास्त बरं.

‘चुकलं तर नवा रस्ता मिळतो.’ खरा धोका इथेच आहे. एक एक्झिट हुकली की नकाशा लगेच अरुंद रस्त्यात वळायला सांगतो. वळताना कॅरॅव्हॅनची चाकं आतली बाजू कापतात आणि मागचं टोक बाहेर झुकतं: आत फुटपाथ, बाहेर उभ्या गाड्या. अशा ठिकाणी रिव्हर्स घ्यायचा तर मागे माणूस उभा करावा लागतो.

हे टाळायचं तर घरीच नकाशातल्या मार्गावर मधले थांबे टाका, प्रत्येक मोठ्या जंक्शनच्या थोडं पुढे. झूम करून पिन आपल्याच दिशेच्या बाजूवर बसलीय ना, ते पाहा. पलीकडच्या बाजूवर पडली तर नकाशा तुम्हाला बाहेर काढून, फिरवून परत आणतो. पेट्रोल पंप उपग्रहाच्या चित्रात तपासा: आत शिरून वळसा न घेता बाहेर पडता येतं का? आणि एक्झिट हुकलीच तर नकाशा काहीही म्हणो, मोठा रस्ता सोडू नका. पुढच्या मोठ्या जंक्शनवरून फिरून या.