कोकणात जाण्याआधी मराठवाड्यात करून घ्यायचा सराव

दिवाळी आटोपली, कापूस विकला (किंवा भावाची वाट बघत तसाच घरात पडलाय), आणि तुमच्या घरात मालवणचा विषय निघाला. ट्रॅव्हल्सची चौकशी झाली, मेहुण्याने तारकर्लीचा होमस्टे सुचवला, सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर कोण कुठं उभं राहणार हेही ठरलं. मराठवाड्याच्या माणसाला समुद्राची ओढ असायचीच. पण माझं ऐकाल तर एवढ्या मोठ्या ठिकाणी सरावाशिवाय जाऊ नका. आधी घरच्या घरी हात बसवून घ्या. रणभूमी आपल्याकडं आहे, किनाराही आहे. दोन्हींकडं कुणी फिरकत नाही, त्यामुळं काहीही केलं तरी नाव खराब व्हायची भीती नाही.

सुरुवात पालखेडपासून करा. मोबाइलवर नाव टाका आणि पहिलं जे येईल तिकडं गाडी वळवा. बहुतेक तुम्ही नाशिक जिल्ह्यातल्या पालखेड धरणावर पोचाल. हरकत नाही. तिथंच फेटा बांधून फोटो काढा आणि 'बाजीरावांच्या पावन रणभूमीवर' असं लिहून टाकून द्या. लढाईचं पालखेड वैजापूर तालुक्यात आहे हे सांगणारा कुणी भेटलाच, तर त्याला ग्रुपमधून काढा.

तरीही खऱ्या पालखेडला जायचा हट्ट असेल तर जा, पण मुलांना तिथली हकिकत नीट सांगू नका. 'बाजीराव विजेसारखे आले आणि निजाम पळाला' इथंच थांबा. त्यापुढची गोष्ट मुलांना रुचणार नाही, कारण तिच्यात तलवारीपेक्षा टाचेला जास्त काम आहे. निजामाकडं जबरदस्त तोफखाना. बाजीरावांकडं घोडी. त्यांनी समोरासमोर यायचं टाळलं. जालन्याचा मुलूख लुटला, बऱ्हाणपूरची हूल दिली आणि गुजरात गाठलं. निजाम वैतागून पुण्यात जाऊन बसला, तर हे परत फिरून थेट औरंगाबादेच्या रोखानं. राजधानी वाचवायला निजाम घाईनं उलटा फिरला. घाईत अवजड तोफा मागं राहिल्या. आणि 28 फेब्रुवारी 1728 ला पालखेडच्या माळावर तो असा कोंडला, की दाणा नाही, वैरण नाही आणि प्यायला पाणी नाही. 6 मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला आणि दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीवरचा शाहू महाराजांचा हक्क निजामानं कबूल केला. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश फील्ड मार्शल माँटगोमेरी यांनी या मोहिमेची वाखाणणी केली, हे आपण दर वर्षी फॉरवर्ड करतो. साहेबांनी वाखाणलं म्हटल्यावर आपण जाऊन बघायची गरज उरत नाही.

गावातल्या म्हाताऱ्यांना काही विचारायला जाऊ नका. वेळ जाईल.

"बाबा, लढाई कुठं झाली हो इथं?"

"कोन्ती? बांधाची का?"

"नाही हो, बाजीरावांची."

"ते नाही माहीत. बांधाची दिवाणीत चालू हाय, वकिलाला इचारा."

पाणी तोडून फौज शरण आणायचं हे तंत्र मराठवाड्यानं आजवर जिवंत ठेवलंय, फरक एवढाच की हल्ली कोंडलेल्या बाजूला आपण असतो. गोदावरीच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीनं सूत्र घालून दिलं: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के पाणी नसेल तर वरच्या धरणांनी खाली सोडायचं. पावसानं हात आखडला की नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा अशी मोहीम मग कोर्टात उघडते. तोफांच्या जागी टीएमसी (पाणी मोजायचं माप, अब्ज घनफूट), हेरांच्या जागी बंधाऱ्याच्या फळ्या काढायला निघालेले कर्मचारी. पाणी सोडायच्या धरणसमूहांच्या यादीत पालखेडचंही नाव आहे, ते नाशिकचं. तेव्हा तुम्ही चुकून त्या धरणावर गेला असाल तर फारसे चुकलेले नाही.

आता किनारा. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडीचाच जलाशय, भरला की पलीकडचा काठ दिसत नाही आणि वाऱ्यावर लाटाही येतात. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन. हे धरण रुंद आणि उथळ आहे, हीच त्याची गंमत. हिवाळ्यापासून पाणी ओसरू लागलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि त्यात किडे, शिंपले, शेवाळ असं ताट वाढलं जातं. मग खाडीवर शोभावेत असे पक्षी समुद्रापासून एवढ्या आत येऊन उतरतात. फ्लेमिंगो, ज्यांना आपल्याकडं रोहित म्हणतात, ते मान खाली घालून उलट्या चोचीनं पाणी गाळत चरतात आणि त्या खाण्यातूनच त्यांना गुलाबी रंग चढतो. कुरव येतात, सुरय येतात, चिखलात चोच खुपसत फिरणारे तुतवार येतात. हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे.

तुम्हाला एवढं लक्षात ठेवायचं कारण नाही. पांढरा दिसला तर बगळा म्हणा, काळा दिसला तर पाणकोंबडी, आणि लांब पायांचा दिसला तर 'हा बघ, शहामृगाचं पिल्लू'. दुर्बीण नेऊ नका, स्पीकर न्या. पक्षी दुरून नुसते ठिपके दिसतात, त्यामुळं चिखलात उतरा आणि 'हुर्र' करा. थवा उडाला की व्हिडिओ चांगला येतो. त्या पक्ष्यांनी परतीच्या प्रवासासाठी अंगात साठवलेली चरबी त्या उड्डाणात जळते, पण ती त्यांची, तुमची नाही. कुरवांना शेव-गाठी टाका. मालवणच्या बोटीवर तेच करायचंय, नेम आत्ताच बसवून घ्या.

उघड्या पडलेल्या त्या गाळावर काठचे शेतकरी गाळपेर करतात. धरणात जमीन गेलेल्या माणसानं पाणी हटल्यावर चार महिने हरभरा काढला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. तुम्ही मात्र अवश्य ठेवा. फवारणीमुळं पक्षी मरतात हे त्याला खडसावून सांगा, आणि सांगून झाल्यावर वेफर्सचं पाकीट त्याच्याच हरभऱ्यात टाका.

उदगीरला फार वेळ घालवू नका. 3 फेब्रुवारी 1760 ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं ते तिथं, आणि मग परतूरजवळून फौज उत्तरेला निघाली ती पानिपतावर. हरलेल्या लढाईवर आपण अडीचशे वर्षं उसासे टाकतोय, जिंकलेलीवर टाकायला तेवढा श्वास कुठून आणायचा? किल्ल्याच्या भिंतीवर पिंटू आणि सोनीला बाणासकट अमर करा आणि निघा.

शेवटचा सराव राक्षसभुवनला, गेवराई तालुक्यात. शनिवारी जा. शनीला तेल घालायला गर्दी असते, रणभूमी मोकळी असते. 10 ऑगस्ट 1763 ला गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर होता. निजाम पलीकडं उतरून गेलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडं अडकलेला. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी अडचणीत आलेल्या काकांना, राघोबादादांना, सोडवून डाव फिरवला, दिवाण मारला गेला आणि निजाम पैलतीरावर हात चोळत राहिला. इथं स्मारक हवं असं तुम्हाला एकदम वाटून गेलं, तर घाबरू नका, समिती नेमा. कमान, पेव्हर ब्लॉक, टँकरच्या पाण्यावरचं लॉन आणि आमदारांच्या फोटोपेक्षा लहान माधवराव, एवढ्यात भागतं. बांधकामाला वाळू तिथंच मिळेल, म्हणजे उरली असेल तर. कोकणात वाळूनं पाय भाजतात म्हणून बायका-पोरं कुरकुरतात, गंगेच्या पात्रानं ती अडचणच ठेवलेली नाही.

तिथं मुक्काम पडला आणि रात्री पात्राकडून वाळू भरणाऱ्या हायवा ट्रकांचा आवाज आला, तर इतिहासाविषयी चौकशी करायला जाऊ नका. मोबाइलचा टॉर्चही लावू नका, तिकडं उजेड कुणाला आवडत नाही. बॅटरी वाचवून ठेवा. कोकणात कासवांची पिल्लं अंड्यातून निघाली की क्षितिजावरच्या उजेडाकडं, म्हणजे समुद्राकडं चालत सुटतात आणि दुसरा प्रकाश दिसला की वाट चुकतात. तिथं टॉर्च पूर्ण क्षमतेनं लावा. पिल्लू हातभर लांबीचंही नसतं, ते तक्रार करायला तहसीलला जात नाही.