पटलावर ठेवला म्हणजे मंजूर झाला?

व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा असा: 'सामान्यांच्या खिशाला चाट लावणारा केंद्राचा कोणताही नियम संसदेच्या मंजुरीशिवाय लागू होत नाही. खासदार त्याचा खर्च तपासतात आणि नको असेल तर तो रद्दही करतात.' यातलं 'रद्द' तेवढं कागदावर खरं आहे.

'मंजुरीशिवाय लागू होत नाही.' सर्रास होतो. संसद कायदा करते, तपशील ठरवायचा अधिकार सरकारला देते आणि मंत्रालय राजपत्रात अधिसूचना काढून मोकळं होतं. एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटच घ्या. ती आली केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ५० मधून. महाराष्ट्रात जुन्या दुचाकीसाठी जीएसटीसह ५३१ रुपये मोजावे लागले. तो आकडा तर त्या नियमातही नाही, राज्याच्या निविदेतून आला.

मूळ मोटार वाहन कायद्याचं कलम २१२ सांगतं की नियम केल्यानंतर तो अधिवेशन काळात एकूण ३० दिवस दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा, म्हणजे सभागृहांपुढे मांडावा. केल्यानंतर! आणि ठेवलाच नाही तर? दुसऱ्या एका कायद्यातल्या, पटलावर ठेवण्याच्याच तरतुदीबद्दल १९७९ च्या ॲटलस सायकल खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तेवढ्यावरून आदेश रद्दबातल ठरत नाही.

'रद्द करतात.' त्यासाठी दोन्ही सभागृहं राजी हवीत, आणि लोकसभेत बहुमत असतं नियम करणाऱ्या सरकारचंच. मे २०१२ मध्ये खासदार पी. राजीव यांनी राज्यसभेत इंटरनेट मध्यस्थांविषयीचे (म्हणजे इतरांचा मजकूर पोचवणाऱ्या संकेतस्थळं-कंपन्यांविषयीचे) नियम रद्द करण्याचा प्रस्ताव आणला. चर्चा झाली, तेव्हाचे मंत्री कपिल सिब्बल यांनी सर्वांशी बोलण्याचं आश्वासन दिलं आणि प्रस्ताव आवाजी मतदानाने पडला. समजा मंजूर झाला असता, तरी तोवर त्या नियमांखाली झालेलं सगळं वैधच राहिलं असतं.

'खर्च तपासतात.' कोणाचा? नियमांची छाननी करणारी लोकसभेची १५ जणांची समिती आहे. नियम कायद्याबाहेर गेला का, त्यातून कर लादला का, सरकारी तिजोरीतून खर्च होणार का, हे ती पाहते. वाहनधारकाला किती भुर्दंड पडेल, हा प्रश्न तिच्या यादीत नाही. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारकही नाहीत.

नंबर प्लेटच्या मापावर संसदेने मतदान करावं, असं कोणी म्हणत नाही. पण लाखोंना पैसे मोजायला लावणाऱ्या नियमासोबत लोकांवरच्या बोजाचा हिशेब तरी मांडावा, आणि मोठ्या नियमांना आधी संसदेची संमती घ्यावी. ब्रिटनमध्ये काही नियमांना संसदेने होकार दिल्याशिवाय ते लागूच होत नाहीत.