टॉमी जॉनची पाटी

अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट जरा आत वाकवा. मधोमध दोरीसारखं काहीतरी वर येतं ना? तो स्नायूला तळहाताशी जोडणारा धागा. काहींच्या हातात तो नसतोच, आणि त्यांचं काही अडतही नाही. 25 सप्टेंबर 1974 ला डॉ. फ्रँक जोब यांनी अमेरिकन बेसबॉलपटू टॉमी जॉनच्या उजव्या हातातला हा धागा काढला आणि तो ज्या हाताने चेंडू फेकायचा त्या डाव्या हाताच्या कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यांत ओवला.

माझा अमेरिकेतला भाचा शाळेच्या बेसबॉल टीममध्ये पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू फेकणारा, आहे. त्या ऑपरेशनला आता 'टॉमी जॉन' म्हणतात; ते त्याला ठाऊक, पण त्या नावाचा खेळाडू होता हे माहीतच नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

1974 च्या जुलैत डॉजर्स संघाकडून खेळताना जॉनच्या कोपरातला, हाडांना एकत्र धरणारा बंध तुटला. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय-पराभव पिचरच्या नावावर लागतो; तेव्हा त्याचे सीझनमध्ये 13 विजय आणि फक्त 3 पराभव होते. वय 31. पुन्हा खेळण्याची शक्यता शंभरात एक, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. तरी तो टेबलावर झोपला. नंतर बोटं आखडली, मज्जातंतूसाठी पुन्हा ऑपरेशन झालं, 1975 चं अख्खं वर्ष गेलं. 1976 मध्ये तो परत उभा राहिला. मग 1977 ला 20 विजय, यांकीज संघाकडून 1979 ला 21, 1980 ला 22. ऑपरेशनच्या आधी त्याने कधीच वीस गाठले नव्हते!

त्याचा चेंडू काही फार वेगवान नव्हता. बॅटजवळ येता येता खाली बसायचा, बॅटर वरून मारायचा आणि चेंडू जमिनीवरून सरपटत फिल्डरच्या हातात. 26 सीझन, 288 विजय, त्यातले 164 त्या ओवलेल्या कोपराने.

तरी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या नावाच्या पाट्या जिथे लागतात तिथे, तो नाही. 75 टक्के मतं लागतात. पत्रकारांनी 15 वर्षांत जास्तीत जास्त 31.7 टक्के दिली. डिसेंबर 2024 मध्ये जुन्या खेळाडूंचा विचार करणाऱ्या समितीनेही नाकारलं. 'तो फक्त टिकला' म्हणतात. अहो, प्रत्येक फेकीला कोपर पिळवटून निघतं, त्या कामात सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत टिकणं हे कौशल्य नाही तर काय?

2013 मध्ये हॉल ऑफ फेमच्या गावी, कूपरस्टाउनला, डॉ. जोब यांचा सन्मान झाला, अगदी रास्त झाला. टॉमी जॉन तेव्हा तिथे हजर होता. आता त्याने ऐंशी ओलांडलीय. त्याची पाटी त्याच्या डोळ्यांदेखत लागावी.